खणामागचा माणूस : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४

आजपासून ही वही. जमवलेले कागद चार जागी पसरले होते : कपाटावरची पत्र्याची पेटी, गादीखालचे दोन प्लायवूड, ड्रॉइंग बोर्डामागची नळकांडी, आणि एक फाइल हिने लाइट बिलांची समजून लाइट बिलांतच ठेवून दिलेली. सगळं काढून फरशीवर मांडलं. मोजले तर ५८ निघाले. जुन्या पुस्तकांतून सुटलेली चित्रं, मासिकांची पानं, जादूच्या प्रयोगांची हँडबिलं, फोटोकार्डं, पोस्टकार्डं. विषय एकच, ऑटोमॅटन. म्हणजे चावीवर चालणारी माणसं आणि जनावरं : बासरी वाजवणारा पुतळा, दाणे टिपणारं बदक, पत्र लिहिणारा मुलगा, बुद्धिबळ खेळणारा तुर्क.

५८ कागद म्हणजे संग्रह नव्हे, पसारा. गणपतीच्या आत यातून एक नीट पोर्टफोलिओ करायचा. अट ठरवली : ज्या चित्रात यंत्राचं पोट उघडून दाखवलंय, तेवढंच ठेवायचं. चौतीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. नुसतं एलेव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं चित्र, घेऊन कोणी खाली शॉपमध्ये गेला, की आमचा टर्नर कागद न उलगडताच विचारायचा, “सेक्शन कुठंय?” सेक्शन म्हणजे वस्तू मधून कापून आतलं दाखवणारं चित्र. तोच प्रश्न मी या बाहुल्यांना विचारत आलोय.

९ जून

चाळणी लावली. १९ उरले.

बाद झालेल्यांपैकी एकाचं वाईट वाटलं. न्यूयॉर्कच्या ‘ईडन म्युझी’तल्या ‘अजीब’चं फोटोकार्ड. हाही बुद्धिबळ खेळणारा फेटेवाला. १८६८ मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर आला, पुढे अमेरिकेत गेला, १९२९ मध्ये कोनी आयलंडला जळाला. आत माणूस बसायचा हे उघड आहे, पण फोटोत फक्त बाहेरचा थाट. नियम म्हणजे नियम. कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवलं, फेकलं नाही.

१६ जून, रविवार

जुन्या बाजारात चक्कर. तिथे असली चित्रं मिळतील अशी आशा मी कधीच सोडली आहे. पितळी दिवे, पंप, मोटारींचे आरसे, हव्या त्या मापाचे पाने, सगळं मिळतं, फक्त कागद नाही. एका गोधडीवर घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग सापडलं. तीनशे सांगितले, दीडशेला दिलं. काचेला कडेशी बारीक टवका आहे, मधून स्वच्छ दिसतं.

१९ जून

भिंगाचे दीडशे वसूल झाले, पण मनस्ताप फुकट मिळाला.

तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ‘१७८३ चं ताम्रपट चित्र’ म्हणून घेतलेला कागद आज भिंगाखाली धरला. तुर्काची पेटी, दारं उघडी, शेजारी मेणबत्ती. नुसत्या डोळ्यांना झकास. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक करडी छटा म्हणजे रांगेत उभे केलेले ठिपके. हाफटोन, म्हणजे ठिपक्यांतून छटा आणणारी, नंतरच्या काळातली छपाई. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली रेष वेगळीच असते. शाई कागदाच्या वर किंचित उठून येते, नखाला लागते, रेषेची टोकं सुईसारखी निमुळती होतात. शिवाय पत्रा कागदात दाबला जातो, त्याचा चौकोनी खळगा चित्राभोवती राहतो. माझ्या कागदावर खळगा नव्हता हे मी तीन वर्षांपूर्वीही पाहिलं होतं, आणि ‘कापताना कड गेली असेल’ अशी स्वतःचीच समजूत घातली होती. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की आम्ही ‘जुनं’ म्हटलं होतं, ‘मूळ’ नव्हे.

हिला किंमत सांगितलेली नाही.

२३ जून

बदक.

जॅक द व्होकान्सन हा ग्रनोबलचा. त्याने १७३८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये बासरीवाला दाखवला. माणसाएवढा पुतळा, खरी बासरी, ओठ आणि बोटं हलवत बारा सुरावटी वाजवायचा. आत नऊ भाते, तीन गटांत, म्हणजे हवेचे तीन वेगळे दाब. व्होकान्सनने त्याच वर्षी हे सगळं लिहून एक छोटी पुस्तिकाही छापली. १७४२ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद लंडनला निघाला. पुस्तिकेच्या सुरुवातीच्या चित्रात तीन आकृत्या आहेत : बासरीवाला, पावा-ढोलवाला आणि बदक. तिन्ही बाहेरून.

बदकाच्या एकेका पंखात चारशेवर भाग. दाणे टिपायचं, पाणी प्यायचं, आणि सगळ्यांच्या देखत विष्ठा टाकायचं. पोटात अन्न विरघळतं, असं व्होकान्सनचं म्हणणं. एवढ्या एका गोष्टीत तो खोटं बोलला. शतकभराने जादूगार रोबेर-उदँ याच्याकडे पंख दुरुस्तीला आला तेव्हा त्याने आत पाहून ठेवलं. दाणे एका डब्यात जायचे, आणि मागून बाहेर पडायचा तो माल आधीच भरून ठेवलेला.

आता माझ्याकडचा कागद. ‘सायंटिफिक अमेरिकन’, २१ जानेवारी १८९९. बदक उभं कापलेलं. घड्याळाची चाकं, पंप, आतड्याची नळी आणि मधोमध चक्क धान्य दळायचं जातं. प्रत्येक भागाला अक्षर घातलेलं, इतक्या आत्मविश्वासाने की वाटावं काढणारा बदकात बसून आलाय. व्होकान्सनला जाऊन तेव्हा ११६ वर्षं झाली होती. सगळं अंदाजपंचे! आणि आज इंटरनेटवर व्होकान्सनचं बदक म्हणून सगळीकडे हेच फिरतं, कित्येकदा ‘व्होकान्सनचा मूळ आराखडा’ म्हणून.

मला हा कागद सगळ्यात आवडतो. बदक विष्ठा टाकतं तर मधे दळण झालंच पाहिजे, हा विचार अगदी सरळ आहे. चूक काढायची तर एवढीच, की चित्र काढणारा बदक करणाऱ्यापेक्षा प्रामाणिक होता.

२६ जून

परवाचं डोक्यातून जात नाही. उरलेले १८ कागद पुन्हा एकदा त्याच नजरेने पाहिले. ज्या ज्या कागदावर कोणी बाहेरच्या माणसाने सेक्शन काढलाय, तिथे तो चुकलेला आहे. कुठे थोडा, कुठे साफ. ज्याने यंत्र केलं त्याला आतलं माहीत, पण तो सेक्शन काढत नाही. काढतो तो तिकीट काढून आलेला प्रेक्षक.

म्हणजे मी इतकी वर्षं ‘यंत्राच्या आतली चित्रं’ जमवत होतो असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात जमलेत ते तर्क. पोर्टफोलिओची मांडणी बदलायला हवी. यंत्रवार नको. चुकीवार.

३० जून

तुर्काकडे वळलो. याचे सात कागद आहेत, आणि त्यातले चार नुसते एकमेकांशी भांडतात.

थोडक्यात हकीकत, नातीला सांगितली तशी. वुल्फगांग फोन केम्पेलेन हा प्रेसबर्गचा, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाचा. सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे त्याने १७७० मध्ये ही पेटी आणली. लांबी साधारण ११० सेंटीमीटर, रुंदी ६०, उंची ७५. मागे झगा आणि पगडी घातलेला तुर्क, डाव्या हाताने खेळणारा. पुढे तीन दारं, खाली एक लांब खण. दारं उघडून, मेणबत्ती धरून दाखवायची : बघा, चाकंच आहेत. मग चावी द्यायची आणि खेळायला बसवायचं. नेपोलियन १८०९ मध्ये याच्यासमोर बसला. केम्पेलेननंतर पेटी मेल्झेल नावाच्या यंत्रकाराकडे गेली. त्याने ती लंडनला आणि मग १८२६ मध्ये अमेरिकेला नेली. आत अर्थातच माणूस होता, आणि बराच तरबेज खेळाडू.

प्रश्न ‘आत कोण’ हा नव्हताच. दारं उघडायची तेव्हा तो जायचा कुठे, हा प्रश्न.

७ जुलै

पहिला तर्क : रॅकनिट्झ, १७८९. ड्रेस्डेनकडचा सरदार. नुसतं लिहून थांबला नाही, स्वतः छोटं मॉडेल करून पाहिलं आणि ताम्रपट चित्रं काढवून घेतली. त्याचं म्हणणं, दारं उघडताना माणूस खालच्या खणाच्या मागे आडवा पडतो, आणि दारं लागली की उठून बसतो. पेटीतल्या माणसाचं त्याचं चित्र अतिशय सुरेख आहे. पेटी ठसठशीत आणि माणूस फिकट, काचेतून दिसावा तसा. आम्ही आत लपलेला भाग तुटक रेषेत दाखवायचो. हा त्याच कुळातला. मूळ प्रत माझ्या पेन्शनीत बसत नाही. माझ्याकडे एका ग्रंथालयाच्या स्कॅनवरून काढलेला प्रिंट आहे, आणि तो तसाच नोंदवला आहे.

या रॅकनिट्झची एक गंमत. जर्मनमध्ये ‘फ्रायहेर’ ही पदवी आहे. इंग्रजीत लिहिताना ती आडनाव समजली गेली, आणि ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या १८३२ च्या जादूच्या शास्त्रावरच्या पुस्तकातही तसंच आलं. मग इंग्रजीत ‘ड्रेस्डेनचे मिस्टर फ्रायहेर’ असा एक नवाच माणूस जन्माला आला. ‘श्रीमंत बाजीराव पेशवे’ यातले श्रीमंत हे कोणी मिस्टर श्रीमंत असावेत, तसं. एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाने १८३६ च्या लेखात ब्रूस्टरचा बराच माल उचलला, त्याबरोबर फ्रायहेरसाहेबही आले.

दुसरा तर्क : रॉबर्ट विलिस, १८२१. तेव्हा विशीत होता, पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाला. याच्या चित्रांत मला आमच्या ड्रॉइंग ऑफिसचा वास येतो. त्याच्या मते माणूस पेटीतून शेवटी तुर्काच्या धडात चढतो, छातीतून पटाकडे पाहतो आणि तुर्काच्या बाहीत हात घालून खेळतो. हेही चूक. पण त्याने एक गोष्ट पकडली ती पकडलीच. चावी देण्याचा आणि खेळलेल्या चालींचा काही मेळ बसत नव्हता. स्प्रिंग म्हटली की काम केल्यावर उतरणार, आणि जितकं काम तितकी उतरणार. हे घड्याळ दुरुस्त करणारा कोणीही सांगेल. सांगितलं मात्र विलिसने.

१४ जुलै

पाऊस थांबत नाही. उत्तरेकडच्या भिंतीला ओल, आणि पेटीत कसर. दोन हँडबिलांच्या कडा खाल्ल्या आहेत, नशिबाने नुसता कोरा भाग. ही म्हणाली डांबराच्या गोळ्या टाका. नको. वास कागदात बसतो तो निघत नाही. सगळे कागद टिपकागदात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या.

बदकाच्या पानाच्या पाठीवर आधीच्या कोणा मालकाने चिकटपट्टी मारली होती, ती पिवळी पडून कागदाला धरून बसलेली. अर्धा दिवस गेला. मग फाटलेल्या कडेला मागून पातळ जपानी कागद, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. खळ ताकासारखी पातळ हवी. दाट झाली की वाळताना कागद ओढून घेते आणि कड वाकडी होते. पहिली दाट झाली होती. प्रयोग लाइट बिलावर केला होता म्हणून वाचलो.

२१ जुलै

वाचून आणि चित्रं पाहून भांडण मिटेना, म्हणून पेटी केली.

शेजाऱ्यांचा नवीन फ्रीज आला त्याचं खोकं मागून आणलं. ११० × ६० × ७५. पुढे तीन दारं, खाली खण. आत बसायला नात, वय दहा, मोबदला आइस्क्रीम.

आधी रॅकनिट्झ. खणामागे आडवं पडायचं तर खण उथळ हवा. तो केला. पण ११० लांबीत पाय सरळ होत नाहीत, आणि उरलेल्या रुंदीत कूस बदलता येत नाही. नात कशीबशी मावली, पण उठून बसताना तिने मधलं दार लाथेने उघडलं. दहा वर्षांच्या मुलीची ही गत, तर मोठा माणूस विसरा.

आता खरी रचना. ती १८५७ मध्ये सायलस वेअर मिचेलने छापली. पेटी शेवटी त्याच्या वडिलांकडे होती. माणूस सरकत्या सीटवर. डावं दार उघडलं की चाकं दिसतात, मागचंही दार उघडून मेणबत्ती धरली की आरपार दिसतं. तेव्हा माणूस उजवीकडे. मग मागचं दार बंद. पुढचं डावं दार मात्र उघडंच ठेवायचं, म्हणजे लोकांना वाटतं अजून दिसतंय, आणि आत काळोख. खण बाहेर ओढायचा, त्याचा आवाज. त्या आवाजात माणूस सीटसकट डावीकडे, चाकांच्या मागे. सीट सरकली की यंत्राचा एक भाग घडी होऊन त्याला जागा देतो. खण मागपर्यंत जात नाहीच, त्यामागे त्याचे पाय. आता मधलं आणि उजवं दार खुशाल उघडा.

जुनी ड्रॉवर चॅनेल लावून फळी सरकती केली. पहिल्या वेळी अडकली, चॅनेलला तेल दिलं. दुसऱ्या वेळी मी दारं उघडत गेलो आणि नात कुठेच दिसली नाही. हिला बोलावलं. ती दोनदा वाकून पाहून म्हणाली, “खाली गेली का खेळायला?” मग खोक्यातून हसू फुटलं.

रॅकनिट्झ, विलिस, पो, तिघेही माणसाला लपण्याची एक जागा शोधत होते. जागा नव्हतीच. लोक जिथे पाहत नाहीत, तिथे तो असायचा. एका सेक्शनमध्ये हे काढताच येत नाही. निदान दोन हवेत.

२२ जुलै

नातीचा प्रश्न : दारं लागल्यावर आत अंधार, मग वरचा पट कसा दिसायचा? उत्तर : दिसायचा नाही. सोंगट्यांच्या तळाला लोहचुंबक, आणि प्रत्येक घराच्या खाली आतल्या बाजूने बारीक लोखंडी चकती टांगलेली. वर सोंगटी उचलली की चकती खाली, ठेवली की वर. आत मेणबत्ती, स्वतःचा छोटा पट, आणि तुर्काचा हात हलवायला पँटोग्राफ, म्हणजे एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकाला मोठी करून देणारी पट्ट्यांची जोडणी. मेणबत्तीचा धूर तुर्काच्या पगडीतून बाहेर. त्याचा वास झाकायला बाहेर मेणबत्त्यांची झाडं लावलेली.

पँटोग्राफ म्हणजे काय हे सांगायला माळ्यावरून माझा काढला. लाकडी, एक खिळा गंजलेला. नातीने त्याने हिचं नाव तिप्पट मोठं काढलं.

४ ऑगस्ट

फिलाडेल्फियाहून भाच्याचं पाकीट. मधोमध घडी पडलेली, ‘दुमडू नका’ या अक्षरांवरूनच. वाटेत कोणा हातांनी केलं देव जाणे.

आत फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधलं पोस्टकार्ड. १९२८ मध्ये तिथल्या एका घराण्याने आगीत होरपळलेलं एक पितळी यंत्र देऊन टाकलं. त्यांची समजूत, हे मेल्झेलचं. तिथल्या कारागिराने दुरुस्त करून चावी दिली, तर यंत्राने चार चित्रं आणि तीन कविता काढल्या, आणि शेवटच्या कवितेच्या चौकटीत फ्रेंचमध्ये लिहिलं, ‘मेयार्देच्या ऑटोमॅटनने लिहिले’. मेयार्दे हा लंडनमध्ये काम करणारा स्विस कारागीर. सगळी स्मृती पितळेच्या कॅममध्ये, म्हणजे कडेला चढउतार कापलेल्या चकत्यांमध्ये, कोरलेली, त्यामुळे आग लागून गेली तरी सही टिकली.

भाच्याने नवव्या रस्त्याचाही फोटो पाठवलाय. तुर्क तिथल्या चायनीज म्युझियममध्ये ५ जुलै १८५४ ला जळाला. “मामा, तिथे बघण्यासारखं काही नाही,” असं लिहिलंय. ते मलाही माहीत होतं, तरी फोटो ठेवला.

११ ऑगस्ट

आमच्या कट्ट्यावर दोघांनी विचारलं, सगळे गोरेच का? आपल्याकडचं काही नाही?

टिपूचा वाघ आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला लाकडी वाघ. हँडल फिरवलं की तो गुरगुरतो, शिपाई हात उचलून विव्हळतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा लुटीत गेला, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एका पुस्तकात त्याचं चित्र छापून आलं. पण हा माझ्या नियमात बसत नाही. वाघाच्या कुशीवरची झडप उघडली की आत ऑर्गन दिसतो, अठरा बटणांचा. लपवलेलं काहीच नाही, मग तर्क कशाला?

दुसरं उत्तर भोजाचं. धारच्या या राजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर अख्खा अध्याय आहे, एकतिसावा. अकराव्या शतकातला ग्रंथ, बडोद्याच्या गायकवाड मालेत १९२४-२५ मध्ये छापला गेला. लाकडी पक्षी, दारावरचे यांत्रिक द्वारपाल, सगळं आहे. आणि मग ही ओळ : ‘यन्त्राणां घटना नोक्ता गुप्त्यर्थं नाज्ञतावशात्’. यंत्रांची जोडणी सांगितलेली नाही ती गुप्तता राखण्यासाठी, अज्ञानामुळे नव्हे. केम्पेलेनला संस्कृत येत असतं तर त्याने हे पेटीवर कोरून घेतलं असतं. ओळ सुवाच्य अक्षरात लिहून पोर्टफोलिओचं पहिलं पान केलं.

२५ ऑगस्ट

माउंट कापून झाले. शेवटी १४ कागद. खोटा निघालेला १७८३ चा कागदही घेतला, खाली स्पष्ट लिहून : हाफटोन, नंतरची नक्कल. चुकांच्या संग्रहात माझीही एक असू दे.

एक बदल केला. जादूगार मस्केलिनच्या ‘सायको’चं हँडबिल नियम मोडून आत. १८७५ मध्ये लंडनच्या ईजिप्शियन हॉलमध्ये आलेला हा पत्ते खेळणारा ‘हिंदू’, मांडी घालून छोट्या खोक्यावर, आणि खोकं काचेच्या नळकांड्यावर. आत माणूस मावणंच शक्य नाही, आणि खालून दोरी नाही हे काचेतून दिसतं. युक्ती त्या काचेच्या नळकांड्यातच होती. त्यातून हवेचा दाब कमीजास्त करायचे. लोक काचेतून पलीकडे पाहत राहिले, काचेकडे नाही. सेक्शन उघडा ठेवूनही फसवता येतं, म्हणून हा हवा.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. पोर्टफोलिओ कपाटात, सिलिका जेलसकट. पेठेतल्या मंडळाचा हलता देखावा आज चाचणीला लावला होता. नातीला घेऊन गेलो. आधी मागे नेलं : मोटर, क्रँक, सायकलची चेन, आणि एक कार्यकर्ता राक्षसाचा निखळलेला हात धरून उभा. पुढून पाहायची तिला मग घाई राहिली नाही.

तुर्काची पेटी घरातून काढायची म्हणून रद्दीवाल्याला बोलावलं होतं, पण हिला मखराखाली घालायला नेमकं तेवढंच उंच काहीतरी हवं होतं. वरून जरीचं कापड टाकलं, दारं झाकली गेली. नातीचं म्हणणं, आरतीच्या वेळी आत बसून ती मूर्तीमागचं चक्र हाताने फिरवेल, कोणाला कळणार नाही. सरकती फळी अजून आहे, तेलही परवाच दिलंय. हिने परवानगी दिलेली नाही.